विहीणबाईंचा उकिरडा

केळीच्या सालीला जातीनं सामोरी जाणारी बाई उभ्या नगर जिल्ह्यात एकच, आणि ती माझ्या नशिबी विहीण म्हणून आली. माझी शाळा चौथीत सुटली, पण माणूस कसा ओळखावा ते मला कुणी शिकवू नये. तरी ही बाई मला अजून पुरती कळली नाही. मुलगी मी नगर शहरात, केडगावात माझ्याच गल्लीत दिली, चार घरं सोडून. जावयाच्या मातोश्री सोनईहून त्यांच्याकडे राहायला आल्या तेव्हा गाठोड्यात लुगडी दोन आणि बाकी सगळं गावच्या उकिरड्यातलं खत. म्हणाल्या, "इरजण हाय. हितं नवा उकिरडा लावाया नको व्हय?"

जावयाच्या अंगणात कोपऱ्याला खड्डा खणून त्यांनी तो लावलाही. सकाळी घंटागाडी आली की बाकीच्या बाया बादल्या घेऊन पळत यायच्या, विहीणबाई आधीच गाडीला आडव्या. ज्याच्या त्याच्या बादलीत हात घालून साली, देठं, भाकरीचे तुकडे काढून घ्यायच्या आणि सुकं तेवढं गाडीला सोडायच्या. गाठ मारलेली कॅरीबॅग दिसली की, "का गं पोरी, त्या सालींचा गळा का आवळलास?" मी तर व्याही, मानाचा माणूस, पण भर गल्लीत मलाही सोडलं नाही. "व्याही, चहाचा चोथा सुक्यात टाकता अन् वर मिशा पिळता?" त्या दिवसापासून चोथा मी हातानं नेऊन द्यायला लागलो, पण मिशा पिळतच. रोज उन्हं अंगणात आली की बाई ढिगात कोपरापर्यंत हात घालायच्या, लेकराचा ताप बघावा तसा. "गरम हाय. म्हंजे जित्ता हाय," म्हणायच्या आणि मगच चहा घ्यायच्या.

गणपतीच्या जेवणावळीनंतर मंडळाच्या पोरांनी उरलेली पातेलंभर आमटी न विचारता त्या खड्ड्यात ओतली. त्यांना वाटलं, आजी खूश होईल. पुढं असा वास सुटला की गल्लीनं खिडक्या लावून घेतल्या. तक्रार गेली आणि सफाईचा मुकादम येऊन सांगून गेला, "आजी, दिवाळीपर्यंत वास गेला नाही तर जेसीबी लावून खड्डा बुजवणार." बाईंनी ढिगात हात घातला आणि तसाच ठेवला. "गार पडलाय वो, व्याही. ह्यो बुजला तर मी हितं कुनासाठी ऱ्हाऊ? जाते आपली सोनईला." माझी मुलगी दारात उभी होती, तिच्या डोळ्याला पाणी आलं. सासू जाणार म्हणून रडणारी सून मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

मी म्हणालो, दिवाळीपर्यंत हा ढीग पुन्हा गरम काही होत नाही. माझा शब्द म्हणजे शब्द. पण दुसऱ्या दिवशी काष्टीहून भाच्याच्या टेम्पोत उसाचं सुकं पाचट भरून आणलं, आमटीची ओल शोषायला.

"होत न्हाई म्हनता, अन् पाचट आनता?"

"पाचट माझं आहे, म्हणणंही माझं आहे."

मग रोज सकाळी बाई फावड्यानं ढीग वरखाली करायच्या आणि मी पाचट पसरत होणार नाही, होणार नाही म्हणत राहायचो. एका सकाळी ढिगातून वाफ निघाली. बाईंनी फावडं टेकवून माझ्याकडं बघितलं. मी घसा खाकरून पाचटाचा दुसरा भारा सोडला.

दिवाळीला मुकादम नाकाला रुमाल बांधून आला. वाकला, रुमाल खाली केला. "आजी, वास कुठाय?"

"आता काय हाळी घालून बोलावू का त्याला?"

गल्ली हसून लोळली. मुकादमही हसला. संध्याकाळी बाईंनी गावच्या रिवाजाप्रमाणं उकिरड्यावर दिवा लावला. मला वाटलं, शहरातली माणसं आता नावं ठेवणार. तर जिनं सगळ्यात आधी खिडकी लावून घेतली होती तीच पणती घेऊन आली, आणि तिच्यामागं घराघरातनं बाया. शेवटी मंडळाची पोरं खाली मान घालून आली. बाईंनी प्रत्येकाच्या एका हातात करंजी दिली, दुसऱ्यात फावडं. गल्लीत हरलेला माणूस मी एकटाच, आणि माझ्याएवढी छाती त्या दिवशी कुणाचीच फुगली नव्हती.

यंदा त्यांचा गुडघा दुखावला, जावयाचा थोरला भाऊ त्यांना सोनईला घेऊन गेला. आता घंटागाडीला आडवा मी असतो. दिवाळीचा दिवा मीच लावला आणि तेवढ्यात मुलीनं विहीणबाईंचा फोन माझ्या कानाला लावला. कसे आहात, दिवाळी कशी झाली, असलं काही विचारलं नाही.

"व्याही, हात घालून बघितला का?"

"घातलाय."

"मंग?"

"गरम आहे."

"मंग बरं हाय," म्हणाल्या. फोन मी ठेवला नाही, त्यांनीही ठेवला नाही. हात अजून ढिगातच होता. काढावासा वाटेना.