मजुरी पुरते का, हे विचारायला आले तेव्हा

लग्न होऊन मी रोहण्याहून सेलूला आले, तेव्हा माहेरच्यांना वाटलं पोरगी सुखात पडली. माहेरी शेत थोडं, पण ज्वारी घरची, तूर घरची. ताक तर शेजारच्या कोणीही लोटी घेऊन यावं आणि घेऊन जावं. पैसा मात्र क्वचितच दिसायचा. सासरी दोन माणसं रोख मजुरी आणत होती. नवरा कापसाच्या जिनात गठानी, म्हणजे रुईच्या गासड्या, बांधायच्या प्रेसवर होता आणि सासूबाई रेच्यावर, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रावर. सासरे मी यायच्या आधीच गेले होते.

पहिल्या आठवड्यातच मला कळलं, की इथे गोवऱ्यासुद्धा विकत घ्याव्या लागतात. चुलीत घालायचं ते विकत, ताटात पडायचं ते विकत, घराचं भाडं वेगळं. बरं, जिन चालायचं ते दिवाळीपासून होळीपर्यंत. त्या मोसमातल्या मजुरीवर पुढचा उन्हाळा आणि अख्खा पावसाळा काढायचा. नवरा आषाढात मिळेल त्याच्या निंदणा-वखरणाला जायचा, सासूबाई भुईमुगाच्या शेंगा फोडायला जायच्या. श्रावणात आमची भाकरी लहान व्हायची. त्याबद्दल घरात कोणी बोलत नसे.

दुसऱ्या मोसमात मी पोटुशी होते. तेव्हा नागपूरहून एक सरकारी बाबू आले. जिनातल्या मजुरांना मजुरीत भागतं का, हे पाहायला त्यांना पाठवलं होतं. धर्मशाळेत उतरले होते आणि रोज संध्याकाळी आमच्या गल्लीत घरोघर फिरायचे. चाळिशीचा, सडपातळ, हळू बोलणारा माणूस. आमच्या दारात आले तेव्हा सासूबाई नुकत्याच जिनातून आल्या होत्या. भुवयांवर, पापण्यांवर कापसाची भुरकी तशीच होती. त्यांनी घाईने पदर सारखा केला, खाट टाकली आणि मला चहा ठेवायला सांगितलं.

साखर शेजारणीकडून आणली. कपबशीही तिचीच. चहा दिला तेव्हा बाबूंनी कपाकडे जरा बघितलं. नंतर कळलं, आदल्या तीन घरांतही त्यांनी त्याच कपातून चहा प्यायला होता.

"माय, जेवणात काय असतं रोज?" त्यांनी विचारलं.

"असते सगळं. वरण-भात असते, पोळी असते," सासूबाई म्हणाल्या.

"तूप?"

"राह्यते न. सुनेले दिवस गेले हायेत, तिले तूप नाई द्यावं तं कोणाले द्यावं?"

मी चुलीपाशी बसून ऐकत होते. तूप मी माहेराहून परत आल्यापासून पाहिलं नव्हतं. दूध किती लागतं, असं विचारल्यावर त्यांनी अर्धा शेर सांगितलं. आम्ही चहा काळाच प्यायचो.

बाबू गेल्यावर मी भीत भीत म्हटलं, "आत्याबाई, असं काऊन सांगतलं तुमी?"

"पोरी, परक्या माणसाले आपलं पोट उघडं करून दाखवावं काय? झाकली मूठ सव्वा लाखाची," त्या म्हणाल्या आणि भाकरी थापायला बसल्या.

गल्लीतल्या इतर बायांनीही असंच सांगितलं होतं. कोणी ठरवलं नव्हतं. पाहुणा दारात आला की घरातली कमी झाकायची, हे आम्हा सगळ्यांना लहानपणापासून शिकवलेलं.

दोन दिवसांनी नवरा जिनातून आला तो हातपाय न धुताच ओट्यावर बसला. सासूबाईंनी काय झालं विचारलं. तो म्हणाला, "मॅनेजर साऱ्याईसमोर हासून राह्यला होता. म्हणे, त्या बाबूले तुमच्या बायाच सांगतात का घरी तूप-पोळी हाये म्हणून. मंग मजुरी वाढवाले काऊन रडता?"

सासूबाई उठल्या. त्या आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. मी डोकावले, तर भिंतीला टेकून बसल्या होत्या. रडत नव्हत्या. तोंड मात्र एकदम म्हातारं झालेलं दिसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी रोजची भाकरी फडक्यात बांधली, वर जवसाची चटणी घातली आणि मला म्हणाल्या, "चाल माह्यासंगं." जिनाच्या वाटेने न जाता आम्ही धर्मशाळेत गेलो. बाबू ओसरीवर दाढी करत होते. सासूबाईंनी त्यांच्यापुढे फडकं सोडलं.

"साहेब, हे पाहा. हे खातो आमी. सकाळीही हेच अन् सांजीलेही हेच. तूप नाई, दूध नाई. श्रावणात हेही पुरत नाई. ह्या पोरीच्या पोटात लेकरू हाये, तिच्या तोंडाकडे पाहा जरा."

माझी मान खाली गेली. दुसऱ्या कोणी माझ्या उपासमारीबद्दल असं उघड बोललं असतं तर मला राग आला असता. त्यांच्या तोंडून ऐकताना मात्र मी हळूच मान वर केली.

बाबूंनी तोंडावरचा फेस पुसला. "मग त्या दिवशी तसं का सांगितलंत, माय?"

"त्या दिवशी तुमी माह्या घरी पावणे होते. आज मी जिनातली बाई म्हणून आली."

त्यांनी वस्तरा बाजूला ठेवला. मग म्हणाले, "मलाही शंका आली होती. पण तोंडावर खोटं कसं म्हणायचं? माझी बायकोही माहेरी पत्र लिहिते तेव्हा सगळं मजेत आहे म्हणूनच लिहिते. पगाराच्या आधीचा आठवडा आमच्याकडेही कसा जातो, ते आमचं आम्हाला ठाऊक." त्यांनी सासूबाईंना बसायला सांगितलं आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून विचारलं. त्या संध्याकाळी ते गल्लीत परत आले. सासूबाई त्यांच्याबरोबर दारोदार फिरल्या. "खरं सांगा वो बायाहो, लाजू नका," एवढंच त्या प्रत्येकीला म्हणायच्या. एकीने डब्याचं झाकण काढून रिकामा डबाच बाबूंपुढे धरला. त्या दिवशी चहा कोणी केला नाही.

पुढच्या दिवाळीला मजुरी वाढली. पुरुषांची जास्त, बायांची थोडी. गल्लीत आनंद झाला. माझ्या नवऱ्याने आमच्या तान्ह्या पोरीसाठी बाजारातून झबलं आणलं. पण त्याच हिवाळ्यात ज्वारी महागली, आणि वाढलेल्यातलं बहुतेक दुकानदाराकडे गेलं. दुसरी गोष्ट आम्हाला सुचलीच नव्हती. वाढीव मजुरी भरून काढायला मालकाने रेच्यांवरच्या बाया कमी केल्या. एकेकीने दोन दोन रेचे सांभाळायचे, असं ठरलं. ज्यांना खोकला होता, ज्यांचे हात मंद झाले होते, त्यांना बोलावलं नाही.

मोसमाच्या पहिल्या दिवशी सासूबाई नेहमीसारख्या फाटकापाशी गेल्या होत्या. उन्हं डोक्यावर येईपर्यंत तिथे उभ्या होत्या म्हणे. घरी आल्या, पाणी प्यायल्या आणि माझ्या मांडीवरची पोर उचलून घेतली.

नवरा संध्याकाळी चिडला. "कायले गेलती तू त्या बाबूकडे? आपलंच नुकसान झालं."

"झालं," त्या म्हणाल्या. "पण खोटं सांगून तरी कुठं भागत होतं?"

त्यानंतर त्या पुन्हा जिनात गेल्या नाहीत. रोज पहाटे, बाया कामाला निघायच्या वेळी, त्या ओट्यावर येऊन बसायच्या. जाणारी प्रत्येक बाई त्यांच्यापाशी क्षणभर थांबायची, "येतो वो माय," म्हणायची, आणि भोंगा व्हायच्या आत पोचायचं म्हणून भराभर पावलं टाकत निघून जायची.