गिरिजाबाईंनी वाचलेला माझा निबंध

मी आळशी नाही, हे सर्वांत आधी सांगणाऱ्या डॉक्टर गिरिजाबाई आज सकाळी गेल्या.

सत्तरच्या दशकाचा आरंभ. सोलापूर. मी दहावीत होते. मॅट्रिकची परीक्षा तेव्हा अकरावीला असे.

पहिला नंबर कधी न सोडणारी मी वर्गात एकविसावी आले. पुस्तक उघडले की झोप येई. चेहरा सुजलेला, आवाज घोगरा. ऐन वैशाखात मी चादर पांघरून बसे.

गिरणीत मागावर काम करणाऱ्या आण्णांनी, माझ्या वडिलांनी, निकाल दिला.
“लई शिकली. जूनपासनं शाळा बंद. औंदा स्थळ बघू.”

आईने हट्ट धरला म्हणून ते आधी मला दवाखान्यात घेऊन गेले.

गिरिजाबाई मूळच्या अक्कलकोटच्या, लहान मुलीलाही कानडीत ‘अव्वा’, म्हणजे आई, म्हणणाऱ्या. “काय होतंय, अव्वा?”
उत्तर आण्णांनी दिले, “कुटं काय हुतंय! आळस, दुसरं काय.”
“तुम्हाला विचारलं का? पेशंट तुम्ही हाय का?”

तरीही माझ्या तोंडून शब्द फुटेना. बाईंनी कागद आणि पेन पुढे सरकवले.
“बोलवत नाही ना? मग लिही.”

मी लिहिले. शाळेत शिकवल्याप्रमाणे प्रस्तावना, मुद्दे आणि समारोपासह अडीच पाने. वर शीर्षकही दिले: ‘माझी प्रकृती’.

“अगं, हा तर निबंध!” बाई मोठ्याने हसल्या.

वाचता वाचता त्यांचे हसू थांबले. बोट एका वाक्यावर होते: ‘सर्वांचा हिवाळा संपला, माझा मात्र अद्याप संपलेला नाही.’

त्यांनी माझा गळा चाचपला. मला खुर्चीवर गुडघे टेकवायला लावून टाचेमागे छोटी हातोडी मारली. पाऊल झटक्यात हलले. जागेवर परतले मात्र अगदी सावकाश.

“आण्णा, मोटरचा पट्टा सैल झाला तर मागाला आळशी म्हणता?”
“न्हाय की.”
“मग पोरीला का म्हणता? हिच्या गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी मंद झालीय. औषध आहे त्याला.”

रक्ताचा नमुना मुंबईला गेला. निदान खरे ठरले. रोज सकाळी एक गोळी, आयुष्यभर.

आण्णा हबकले. “जन्मभर? मंग हिला करून कोण घेनार?”
“ते पुढचं पुढं. शाळेत कधी पाठवताय, ते सांगा.”

जूनमध्ये मी पुन्हा वर्गात बसले.

ती गोळी आजही सुरू आहे. नवे डॉक्टर विचारतात, “इतक्या जुन्या काळी निदान कोणी केलं?” एरवी चारचौघांत बोलताना अडखळणारी मी बाईंचे नाव मात्र मोठ्याने सांगते.

मॅट्रिकला मी शाळेत पहिली आले. आम्हां मायलेकींना घेऊन आण्णा पेढ्यांसह दवाखान्यात शिरले आणि भरलेल्या बाकांना ऐकवू लागले, “ही आमची पोरगी. पयली आली. लई हुशार हाय!”

मी लाजेने आईच्या पदराआड.

बाई आतून बाहेर आल्या. “पेढे राहू द्या. कॉलेजचा फॉर्म भरला का?”

आण्णांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला.

“आनलाय की. सही कुटं करायची, तेवढं दावा.”

गिरिजाबाई, तुमच्या पेशंटचा अखेरचा नमस्कार.