आपाचा बिनमिठाचा बर्फ

लोहाऱ्यात बर्फातलं माझ्याएवढं कळणारा दुसरा माणूस न्हाय. आता माझी कुल्फी दुपारपासनं वाटीनं प्यावी लागती, ती गोष्ट येगळी.

माझ्या गाड्याम्होरं आपाचं शिलाईचं दुकान; समदा गाव त्या बाईला आपाच म्हणायचा. मे महिन्यात पत्र्याखाली गिऱ्हाईक उभ्याउभ्या घामानं भिजायचं, आन आपाचं कपाळ कोरडं ठाक! पाय मात्र पाण्याच्या बादलीत. मशीन हातानं फिरवायची. तळव्यात निखारे ठेवल्यागत आग व्हायची तिला, ल्हानपणापासनं.

म्या एकदा इचारलं, "आपा, कुठली पावडर लावता वो?"

"मला घामच येत न्हाय. तुला येतोय तो दोघाला पुरंल. जरा लांब उभा ऱ्हा, नवरीचं झंपर हाय."

पुढं आपाला दम लागाय लागला. सोलापूरच्या डॉक्टरनं सांगितलं, काळजाची भिंत जाड झालीय. रगत तपासलं तवा कळलं, आजार घराण्यातला हाय. तिचा भाऊ तरणाताठा गेलता, तो बी ह्यानंच. मला काय उमजंना. मग आपानं कात्री खाली ठिवली.

"कापड बेतलं की चिंध्या पडत्यात का न्हाय? तुझ्या अंगात त्या झाडणारा हाय. माझ्यात तो जलमापासनंच न्हाय. चिंध्या साठल्या काळजात."

त्या झाडणाऱ्याला एन्झाईम म्हणत्यात. पंधरा दिसाला एकदा सलाईनमधनं भरायचं. जे जाड झालं ते काय पुन्हा पातळ हुणार न्हाय, पण पुढचं थोपंल, असं डॉक्टर म्हणला. ते ऐकून दुसरी बाई रडत बसली असती. आपा पोरीला, नजमाला, घेऊन तपासायला निघाली. शेजारणी म्हणल्या, "कशाला तपासता? लगीन हुणार न्हाय पोरीचं."

"लगनाला पोरगी जित्ती लागती," आपा म्हणली. नजमातबी निघालं, पण येळेवर.

एकदा दोघींचं औषध घरी येऊन पडलं आन गावातली डीपी जळाली. फ्रिज बंद. सकाळी सोलापूरला न्यायचं, तवर थंड ठिवायचं. आपानं मला हाक मारली. म्या छाती फुगवून बर्फ फोडला, डबा त्यात रवला, आन कुल्फी गोठवायच्या सवयीनं मिठाची मूठ उचलली. आपानं मनगटच धरलं.

"अरं बाबा! थंड पायजे, गोठाय नको. गोठलं की मेलं ते!"

मंग तिनं दुकानातल्या चिंध्या आणल्या, डब्याला गुंडाळल्या, आन बर्फापासनं बोटभर लांब ठिवला. म्या मिठाची मूठ तशीच धरून उभा.

सोलापूरला म्या बी गेलतो. पाण्यासारखं पाणी, थेंब थेंब गळतंय. डोळ्याला दिसत न्हाय असलं कायतरी त्या बाईच्या रगतात शिरून झाडलोट करतंय! माझे हात आपसूक जोडले गेले. नर्स म्हणली, "देव न्हाय काका, सलाईन हाय." आपा हसली. पण तिची नजर तिच्या नळीवर नव्हतीच; शेजारच्या खाटेवर नजमाच्या नळीतले थेंब बघत हुती.

गेल्या उन्हाळ्यात आपाचं काळीज थांबलं. तिच्या कामाला औषध लई उशिरा आलतं. नजमा आता दुकान चालवती. तिचं काळीज चांगलं हाय म्हणत्यात डॉक्टर.

परवा पुन्हा डीपी जळाली. म्या बर्फ घेऊन गेलो. दुकानात दोन बाया बसल्या हुत्या, मंग काय, म्या सुरू झालो, "आपा इतकी वर्षं माझ्याच बर्फावर जगली!"

नजमानं सुईवरनं नजर बी काढली न्हाय. "मामा, अम्मी औषधावर जगली. तुमच्या बर्फापासनं तर तिनं औषध वाचवलं."