दत्तक वारस नामंजूर

ईस्ट क्रॉयडनच्या ट्राम स्टॉपवर मी अ‍ॅलिस्टरना सोडायला गेले होते. ते आमचे क्लायंट, साठीचे. गप्प उभं राहणं त्यांना जड जात असावं. सहज म्हणाले, "मी तान्हा असताना मला दत्तक घेतलं. धाकटी बहीण मॉरा मात्र आईबाबांची स्वतःची."

मी नुसती हसले. ट्राम आली आणि ते विंबल्डनला बहिणीकडे गेले.

मी लॉ फर्ममध्ये ज्युनिअर आहे. अ‍ॅलिस्टरचे वडील स्कॉटलंडमधले लॉर्ड, नुकतेच वारले. लॉर्ड हे टायटल, म्हणजे वंशपरंपरागत पदवी, मुलाच्या नावावर आपोआप चढत नाही. सरकारी रोलमध्ये, म्हणजे लॉर्डांच्या यादीत, नोंद व्हायला वारसाला आपण कायदेशीर वारस असल्याचं शपथेवर डिक्लरेशन द्यावं लागतं. अ‍ॅलिस्टर त्यावर सोमवारी सही करणार होते. त्यांच्या गार्डन सेंटरमधली मंडळी आत्तापासूनच "मायलॉर्ड, खताची पोती कुठे टाकू?" म्हणून चिडवत होती.

दत्तक मुलाला घर मिळतं, जमीन मिळते. टायटल फक्त रक्ताच्या वारसाला. 'दत्तक वारस नामंजूर' हे मी शाळेत इतिहासाच्या पुस्तकात, इंग्रजांनी संस्थानं खालसा केली त्या धड्यात वाचलं होतं. कुणाला तोंडावर सांगावं लागेल असं वाटलं नव्हतं.

ऑफिसला परतताना वाटलं, आपण काही ऐकलंच नाही असं धरावं. पण मग त्यांच्या हातून खोटी शपथ झाली असती. मी हेलनला, माझ्या बॉसला, सांगितलं.

"आपण विचारलं नव्हतं?"

"पहिल्या मीटिंगला तू म्हणालीस, घरगुती गोष्टी खोदू नकोस."

ती म्हणाली, "तूच सांग त्यांना. तुझ्याशी बोलतात ते."

वीकेंडभर मी वाक्यं जुळवत होते. सोमवारी दोघं भावंडं आली. मी टेबलाकडे बघत सांगितलं. शेवटी म्हटलं, या जुन्या स्कॉटिश टायटलचा नियम असा, की मुलगा नसेल तर ते मुलीला जातं. म्हणजे मॉरांना.

अ‍ॅलिस्टर हळूच म्हणाले, "म्हणजे कायद्याने बाबांना मुलगा नव्हता."

"फक्त टायटलपुरता," मी म्हटलं.

मॉरा त्यांच्यावर खेकसल्या, "मग मलाही भाऊ नव्हता का? गप्प बस. आणि आता पोती कुठे टाकायची ते मी सांगणार."

ते हसले, पण उशिरा. डिक्लरेशन मॉरांच्या नावाने नव्याने केलं. काही महिन्यांनी नोंद झाली.

आता पहिल्याच मीटिंगला मी विचारते: जन्माने की दत्तक? लोकांना राग येतो. पहिल्या दिवशीचा राग परवडतो.