आवरलेल्या गोष्टींची वही

नीलगंगा हडिमनी परीक्षेत दोनदा नापास झाली होती, तेही उत्तरं पाठ असताना. एम.ए.च्या शेवटच्या वर्षी पेपर समोर आला आणि तिच्यानं पेन उचलवेना. तीन तास ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसली आणि कोरी उत्तरपत्रिका देऊन बाहेर आली. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. नरगुंदला तिचे अप्पा प्राथमिक शाळेत मास्तर. ते एवढंच म्हणाले, "मनाला लगाम नाही तुझ्या."

ते बोलणं तिच्या अंगात मुरलं. तिसऱ्या खेपेला ती पहिल्या वर्गात पास झाली, तेव्हा तिनं सगळं श्रेय लगामालाच दिलं. मधल्या दोन वर्षांत अव्वानं, तिच्या आईनं, तिला घरातल्या कामाला हात लावू दिला नव्हता, ताट हातात आणून दिलं होतं, दहा दहा तास झोपू दिलं होतं, हे तिनं हिशेबात धरलंच नाही.

पुढे धारवाडच्या एका खासगी विद्यापीठात ती मानसशास्त्र शिकवू लागली. नोकरी कायम नव्हती. दरवर्षी जूनमध्ये नवा करार. कायम व्हायचं तर पीएच.डी. हवी. तिनं विषय निवडला तो अभ्यासानं थकलेल्या विद्यार्थ्यांना आत्मसंयमाचं प्रशिक्षण देण्याचा. तिचे मार्गदर्शक मुरगोड सर खूश झाले. "पालकांना हेच हवं असतं," ते म्हणाले.

प्रशिक्षण सहा आठवड्यांचं होतं. अडतीस मुलं-मुली आली. झोप उडालेली, डोळे तारवटलेले, पुस्तक उघडलं की अंगाला कापरं भरणारी. नियम साधेच. दात डाव्या हातानं घासायचे, दारं डाव्या हातानं उघडायची, बसताना पाठ ताठ ठेवायची, दुपारपर्यंत मोबाइलला हात लावायचा नाही आणि शिवी द्यायची नाही. आज मनातली कुठली इच्छा आवरली, ते रोज वहीत लिहायचं.

"अक्का, डाव्या हातानं ब्रश धरला तर पेस्ट नाकात गेली!" एकानं पहिल्याच आठवड्यात तक्रार केली.

"आणि शिव्या बंद, तर मेसमधल्या सांबाराला काय म्हणायचं?" दुसरा म्हणाला.

"सांबारच म्हण," नीलगंगा म्हणाली. "तेवढा संयम ठेव."

मुलं हसली. एकटी शैलश्री गाणिगेर हसली नाही. रसायनशास्त्राच्या एम.एस्सी.ला असलेली, नवलगुंदच्या पुढच्या खेड्यातली, हडकुळी मुलगी. तिनं एकही दिवस चुकवला नाही. एवढी ताठ बसायची की नीलगंगा इतरांना म्हणायची, "शैलश्रीकडे बघा जरा."

शेवटच्या दिवशी मोजणी झाली. आधी अर्धा तास डोकं शिणवणारी आकडेमोड, मग मुठीत स्प्रिंगचा चिमटा दाबून धरायचा. जितका वेळ धरवेल, तितका संयम वाढला असं मानायचं. पहिल्या दिवशी शैलश्रीनं बावन्न सेकंद धरला होता. आता दोन मिनिटं झाली, तीन झाली. तिचा हात थरथरत होता, बोटं पांढरी पडली होती. चेहऱ्यावर मात्र काहीच नव्हतं. चार मिनिटं झाल्यावर नीलगंगाच म्हणाली, "बस, सोड आता."

शैलश्रीनं सोडला नाही.

"अगं सोड! झालं!"

नीलगंगानं तिची बोटं एकेक करून उकलली. तळव्यावर लोखंडाचे दोन लाल वळ उठले होते. नीलगंगानं आकडा लिहून घेतला आणि वर्गाला टाळ्या वाजवायला सांगितल्या.

मुरगोड सरांनी तर हा आकडा चर्चासत्रात पडद्यावर दाखवायचं ठरवलं. सोमवारी बाहेरून पाहुणे येणार होते. "त्या मुलीच्या वहीतली दोन छानशी वाक्यं काढून द्या," ते म्हणाले. "लोकांना माणसाची गोष्ट आवडते."

शनिवारी सकाळी नीलगंगा वही घेऊन बसली. सहा आठवडे तिनं प्रत्येक वहीत रकाना भरलाय की नाही एवढंच पाहिलं होतं, बरोबरची खूण केली होती आणि पान उलटलं होतं. आता ती पहिल्यांदा वाचू लागली.

'दिवस अकरावा. ताई शारदक्का बाळंतपणात गेली. माती देऊन आले. बसमध्ये रडू आलं. आवरलं.'

'दिवस सतरावा. बाळाला बघायला जावंसं वाटलं. आवरलं.'

'दिवस तेविसावा. भूक लागली. आवरली.'

'दिवस अडतिसावा. आवरायला काही उरलं नाही. रकान्यात काय लिहू?'

त्या प्रत्येक नोंदीपुढे नीलगंगाच्याच हातची, लाल पेनाची, बरोबरची खूण होती. वही तशीच टाकून ती रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेकडे निघाली.

शैलश्री काचेची भांडी धूत होती. डाव्या हातानं.

"ताई गेली तुझी, आणि मला सांगितलं नाहीस?"

"लिहिलं होतं ना, अक्का."

नीलगंगा म्हणाली, "घरी जा. आत्ता जा. बाळाला बघून ये."

"गेले तर परत येणार नाही मी." शैलश्रीनं नळ बंद केला. "माती दिली त्याच दिवशी मामी म्हणाल्या, बाळाला परकी आई कशाला, घरात मावशी आहे की. भावजी काही बोलले नाहीत. अप्पाही बोलले नाहीत. बाळाला एकदा मांडीवर घेतलं, तर मला नाही म्हणता येणार नाही. म्हणून आवरलं. तुम्ही शिकवलंत तसं."

"मी येते बरोबर. घेऊन जाते आणि परत घेऊन येते."

हे नीलगंगा बोलून गेली खरी, पण ते आपल्या हातात आहे का, याचा विचार तिनं केला नव्हता.

रविवारी दोघी लाल बसनं निघाल्या. दोन्ही बाजूंना काळ्या रानात हरभरा उभा होता. शैलश्री संपूर्ण वाटेत सीटला पाठ न टेकता बसली होती. घरात शिरताच तिच्या आईनं काही न विचारता बाळ तिच्या ओटीत ठेवलं. बाळानं तोंड वेंगाडलं, आणि शैलश्री जी रडू लागली, ती थांबेचना. आवाज बदलला, श्वास लागला, शेजारच्या बाया दारात गोळा झाल्या. आई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. "रड बाई, रड," ती म्हणत होती. "माझी पोर दगड झाली असं वाटत होतं मला."

जेवणं झाल्यावर नीलगंगा म्हणाली, "चारची बस आहे. निघायला हवं."

शैलश्रीचे वडील पान लावत होते. "मॅडम, डिग्री कुठं पळून जात नाही. पोराला आत्ता आई पाहिजे."

"शैलश्रीला विचारा ना."

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. बाळ तिच्या खांद्यावर झोपलं होतं, आणि ती स्वतः भिंतीला टेकून बसली होती, पाठीत वाकून.

"तुम्ही जा, अक्का," ती म्हणाली. "मला आता धरवत नाही."

ही तिची इच्छा होती की तिचं थकणं, ते नीलगंगाला कळलं नाही. तिला ओढून न्यावं की सोडून जावं, तेही कळलं नाही. ती चारच्या बसनं एकटीच परतली.

सोमवारी मुरगोड सरांसमोर तिनं वही ठेवली. "हा आकडा दाखवू नका, सर. हे प्रशिक्षणाचं यश नाही."

सरांनी पानं चाळली. "दुःखद आहे. पण एका मुलीच्या घरच्या भानगडीनं अडतीस जणांचा निष्कर्ष बदलतो का? भावनेच्या भरात निर्णय घेऊ नका. संयम तुमचाच विषय आहे."

आकडा पडद्यावर आला. नाव झाकलं होतं. नीलगंगा मागच्या रांगेत बसून होती. उठून बोलायला हवं होतं, पण ती उठली नाही. ही गोष्ट तिनं पुढे कुणाकुणाला सांगितली, तेव्हा स्वतःची ही चूक कधी गाळली नाही.

त्या आठवड्यात तिनं उरलेल्या सदतीस वह्या अक्षर न् अक्षर वाचल्या. शैलश्रीसारखंच सगळं आवरून बसलेली आणखी चौघं सापडली. तिघांना तिनं गाठलं. चौथा मुलगा आधीच वसतिगृह सोडून गेला होता आणि त्याचा फोन लागत नव्हता. प्रबंधात एक प्रकरण या पाच वह्यांवर असेल, असं तिनं सरांना सांगितलं. सरांनी सही नाकारली, आणि जूनमध्ये तिचा करार वाढला नाही.

तिला गदगच्या एका लहान कॉलेजात काम मिळालं. प्रबंध अर्धाच राहिला. तिथं कुणी थकून आलं की ती आधी विचारते, "जेवलास का? झोपलीस का? घरी सगळे कसे आहेत?" एवढ्यानं काय होतं, असं सहकारी म्हणतात. तिलाही कधीकधी तसंच वाटतं.

पुढच्या वर्षी शैलश्रीचं पत्र आलं. घरात तिनं भावजींशी लग्नाला नाही म्हटलं होतं. बैठकीत, सगळ्यांसमोर. अप्पा तीन महिने तिच्याशी बोलले नाहीत. भावजींनी दुसरीकडे लग्न केलं आणि बाळाला घेऊन गेले. ती परत एम.एस्सी.ला बसली होती, वर्ष वाया गेलं होतं.

'तुम्ही मला घरी नेलंत त्याबद्दल उपकार मानू की राग धरू, ते अजून ठरत नाही,' तिनं लिहिलं होतं. 'बाळ मला विसरलं. तरी त्या दिवशी मांडीवर घेतलं नसतं, तर मी कशी झाले असते कोण जाणे. तुम्ही उत्तर नाही पाठवलंत तरी चालेल.'

नीलगंगानं उत्तर पाठवलं. चार वेळा लिहून फाडलं, आणि पाचव्यांदा फक्त माफी मागितली.