शेळीच्या दुधाचा दुसरा डबा

आमच्या इमारतीखालच्या औषधाच्या दुकानातला केरळी माणूस डबा हातात देण्याआधी बाहीने पुसतो आणि प्रत्येक गोष्ट दोनदा सांगतो. शारजात लेकाकडे आल्यापासून त्याला बघते आहे. नाव कधी विचारलं नाही. तो मला अम्मा म्हणतो.

नातू सहा महिन्यांचा झाला, तेव्हा शेळीच्या दुधाच्या पावडरीचा सहा महिन्यांपुढचा, दोन नंबरचा डबा आणायला मीच गेले. त्याने बजावलं, "पहले दिन एक बाटली नया, बाकी पुराना. फिर रोज एक ज्यादा. धीरे धीरे, अम्मा, धीरे धीरे. खलास." खलास म्हणजे इकडे 'बस, झालं'.

नवं दूध जड असणार, असं मला वाटलं. म्हणून मी पाणी तेवढंच ठेवून पावडर एक चमचा कमी घालायची. गावाकडे वरचं दूध आम्ही पातळ करूनच द्यायचो. चार दिवसांत नातू सारखा रडायला लागला. सून म्हणाली, "हे दूध त्याला मानवत नाही. जुनाच डबा आणा."

मी खाली दुकानात गेले, पण केरळी माणसाने जुना डबा काढलाच नाही. "पानी कितना? चमच कितना?" मी सांगितलं, तसा तो ओरडला, "अम्मा, बच्चा भूखा है!"

"चार पोरं वाढवली मैंने," मी म्हटलं.

"वो चार ने ये डब्बा नहीं पिया."

दुकान जोडीदारावर सोपवून तो वर आला आणि समोर उभं राहून माझ्याकडून बाटली करून घेतली. नातवाने ती संपवली. सुनेने विचारलं, "गलती क्या थी?"

"डब्बे पे अक्षर बहुत छोटा है, मैडम."

डब्यावर चमच्यांची चित्रं होती आणि ती मला चांगली दिसत होती. त्याला लिफ्टपर्यंत जाऊ दिलं, मग सुनेला खरं सांगितलं.