कुमुदची आई

बारामतीची एसटी थांब्यावर येऊन उभी राहिली, तेव्हा आईनं माझी पत्र्याची पेटी स्वतः उचलून आत ढकलली. कंडक्टर म्हणाला, "मावशी, उतरा आता, गाडी सुटतीय." ती उतरली, खिडकीखाली आली, डोक्यावरचा पदर दातात धरला आणि मला म्हणाली, "कुमुद परत आली न्हाय ना? मग तूबी मागं वळून बघू नगं."

आबा, माझे वडील, शेजारीच उभे होते. त्यांना वाटलं, कुमुद ही माझी कुणी वर्गातली मैत्रीण असेल. मी मान डोलावली आणि गाडी हलली. बारामती येईपर्यंत मला रुखरुख लागली होती, पण ती घर सुटल्याची नव्हती. कुमुद परत आली होती. मी आईला खोटं सांगितलं होतं.

आमच्या शेळगावात राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारख्या पेट्या घेऊन निघालेल्यांनो, हे तुमच्यासाठी लिहिते आहे. 'कादंबऱ्या वाचून पोरगी बिघडली' असं तुमच्यातले काही जण अजून म्हणतात, ते माझ्या कानावर येतं. अगदी बरोबर आहे तुमचं. कादंबऱ्यांनीच बिघडवलं. मला त्याचा कणभरही पश्चात्ताप नाही, हे आता एकदाचं सांगून टाकते.

आजोबांच्या काळात आमची मेंढरं होती. कालव्याचं पाणी आलं, मेंढरं गेली आणि मेथी-कोथिंबीर आली. मी सांगते ती नव्वदनंतरची पहिली दोन-तीन वर्षं. दुपारी आई लिंबाखाली बसून बाजारासाठी जुड्या बांधायची. जुड्या बांधताना हात गुंततात, पण कान मोकळे राहतात. मी रोज सकाळी वालचंदनगरला शिकायला जायची. तिथं कॉलनीत राहणाऱ्या एका मैत्रिणीच्या कार्डावर मी वाचनालयातून कादंबरी आणायची आणि आईला मोठ्यानं वाचून दाखवायची. आईला अक्षर येत नव्हतं. मत मात्र होतं, आणि ते पहिल्या पानापासून.

"ही बाई सकाळधरनं खिडकीत बसून रडतीया. हिच्या घरची भांडी कोण घासतं?"

"आई, ती दुःखात आहे."

"व्हय, पर भांडी?"

एका कादंबरीत नायक प्रेमभंगानं झुरून झुरून मेला. मी हुंदके देत वाचत होते. आई म्हणाली, "ह्याला दोन एकर मेथी खुरपायला लावा, मग कसा मरतो बघू." मी पुस्तक मिटून तरातरा निघून गेले आणि संध्याकाळपर्यंत तिच्याशी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी तिनंच विचारलं, "मेला तो मेला, पर त्याच्या बहिणीचं काय झालं?" मला त्या बहिणीचं नावही आठवत नव्हतं. आईला तिची काळजी लागून राहिली होती.

माझ्या घरातली दुसरी गोष्ट म्हणजे तात्या. तात्या आबांचे थोरले भाऊ, आणि घरात शेवटचा शब्द त्यांचा. थोरल्या दिराशी बोलायचं नाही, ही रीत. आई लग्न होऊन आली तेव्हापासून तिनं त्यांच्यापुढं तोंड उघडलं नव्हतं. काही सांगायचंच झालं, तर ती आबांकडे बघून म्हणायची, "त्यास्नी सांगा, ताट वाढलंय." तात्या तिथंच दोन हातांवर पाटावर बसलेले असायचे.

मी बारावी झाले. पुण्यात लॅबच्या डिप्लोमाला नंबर लागला, आणि त्याच आठवड्यात तात्यांनी अंथुर्ण्याचं स्थळ आणलं. मुलगा वाईट नव्हता, हे मी आजही म्हणेन. मला लग्न नको होतं, शिकायचं होतं, एवढंच. आबा तात्यांपुढं बोलायचे नाहीत, आणि आईला तर बोलायची सोयच नव्हती. आई मला म्हणायची, "बाहीर गेलेल्या पोरीचं काय हुतं, ते कुणी बघितलंय?"

अशात कुमुदची कादंबरी हाती आली. कुमुद चुलत्याचा शब्द मोडून घर सोडते आणि शहरात जाऊन शिकते. पाच दुपारी मी ती वाचत होते. आईनं या वेळी भांड्यांचं विचारलं नाही, कारण कुमुद स्वतःची भांडी स्वतः घासायची. एकदा जुडीला सुतळी गुंडाळता गुंडाळता तिचा हात थांबला आणि ती म्हणाली, "आपुन बी जायला पायजे हुतं कुठं तरी."

शेवटचं प्रकरण मी आधीच चोरून वाचलं होतं. त्यात कुमुद आजारी पडून घरी येते, चुलत्याच्या पायावर डोकं ठेवते, आणि त्यानं ठरवलेल्या मुलाशी तिचं लग्न लागतं. लेखकानं वर चार ओळींचा उपदेशही केला होता. मला इतका संताप आला की पुस्तक विहिरीत टाकावंसं वाटलं. ते टाकलं नाही. आईसमोर बसले, प्रकरण उघडलं, आणि मनानंच वाचायला लागले. कुमुद पास झाली. तिला नोकरी लागली. चुलता न्यायला आला तेव्हा तिनं त्याला चहा करून दिला आणि स्टेशनवर सोडून आली. वेळच्या वेळी पानं उलटायची, ओळींवरून डोळे फिरवायचे, सगळं बेमालूम चाललं होतं.

पण आवडलेला भाग परत वाचायला लावायची आईला खोड होती. "त्यो चुलत्याला सोडायचा तुकडा वाच की पुन्यांदा." मी वाचला. आईनं मान वर केली. "मघाशी टांग्यात बसली हुती. आता येष्टीत कशी?"

"एसटीच होती. तुला नीट ऐकू नाही आलं."

तिनं पुढची जुडी बांधायला घेतली. संध्याकाळी तात्या ओसरीवर बसलेले असताना ती चौकटीत येऊन उभी राहिली आणि आबांकडे बघून म्हणाली, "त्यास्नी सांगा, सुनी पुण्याला जाणार. अंथुर्ण्याला तसा निरोप द्या." तात्या आबांवर उसळले, "काय रं, बायकांचं राज्य आलं व्हय घरात?" आबा हळूच म्हणाले, "जाऊ द्या तिला, तात्या."

अशी मी निघाले, ती एका न घडलेल्या शेवटाच्या जोरावर. आईनं आयुष्यात पहिल्यांदा वजन टाकलं होतं आणि ते मी रचलेल्या थापेवर टाकलं होतं.

पुण्यानं माझं काही आरती ओवाळून स्वागत केलं नाही. हॉस्टेलवर माझ्या 'हाय-न्हाय'ला मुली तोंडावर हसायच्या. सगळा अभ्यास इंग्रजीतून. पहिल्या वर्षी दोन विषय उडाले. लगोलग तात्यांचं पत्र आलं. झालं तेवढं शिक्षण पुरे, अंथुर्ण्याची माणसं अजून थांबली आहेत, निघून ये. मी पेटी भरली. पेटी भरताना मला वाटत होतं, लेखकाचंच खरं. त्याला जग ठाऊक होतं, मला नव्हतं.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी एक आंतरदेशीय पत्र आलं. पत्ता कुणीतरी नीट अक्षरात घातलेला होता. आतली अक्षरं मात्र जुडीतून निसटलेल्या काड्यांसारखी कुठंही पडलेली. ते पत्र माझ्याकडं आजही आहे. आईनं लिहिलं होतं:

"सुनी, गावात साक्षरतेचा वर्ग निघाला. मी लिव्हायला शिकले. वालचंदनगरला जाऊन कुमुदचं पुस्तक आणलं. दीड महिना लागला वाचायला. कुमुद परत आली हाय. तू मला फशीवलंस. लई राग आला. टांग्याची येष्टी झाली तवाच मला शंका आली हुती, पर मला तुझंच खरं व्हायला पायजे हुतं. मग म्या शेवट परत वाचला. कुमुदचा चुलता बोलतो. बाप बोलतो. शेजारी बोलतो. कुमुदची आई सबंध पुस्तकात एकदा बी बोलत न्हाय. नुसती भाकरी थापती. म्हणून ती पोरगी परत आली. मी तात्यांशी बोलले. तू येऊ नगं. परीक्षा परत दे."

मी ती कादंबरी दोनदा वाचली होती. लेखकावर संतापले होते, चुलत्यावर संतापले होते, कुमुदवरसुद्धा. कुमुदला आई आहे आणि ती मुकी आहे, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. दीड महिन्यापूर्वी जिला अक्षर लावून वाचावं लागत होतं तिला ते दिसलं. मी जिन्यात बसून ढसाढसा रडले, आणि वर जाऊन पेटी रिकामी केली.

आई तात्यांशी काय बोलली, ते आबांनी मला पुढं सांगितलं. अंगणात सगळ्यांसमोर तिनं दातातला पदर सोडला, तात्यांच्या तोंडाकडं बघितलं आणि म्हणाली, "तात्या, पोरगी येणार न्हाय. हितनं पुढं काय सांगायचं ते मला सांगा, ह्यास्नी नगं." तात्या न जेवता उठले. दिवाळीच्या आत त्यांनी चूल वेगळी केली. बाईनं घर फोडलं, असं गाव म्हणालं. आई म्हणाली, "फोडलं तर फोडलं." पुढची कित्येक वर्षं ओसरीच्या मधोमध उभी राहिलेली भिंत तिनं सोसली, आणि त्याचं दुःख तिला झालं नाही असं मी म्हणणार नाही. पण माझ्याजवळ तिनं ते कधी उगाळलं नाही.

आज मी बंगळुरूत असते. लॅबमध्ये माझ्या हाताखाली अकरा माणसं आहेत, घर सहाव्या मजल्यावर आहे, आणि मेथी निवडलेली, प्लॅस्टिकच्या पिशवीत मिळते. सोसायटीतल्या बायकांचा एक बुक क्लब आहे. तिथं एकदा सगळ्या जणी एका नायिकेच्या एकटेपणावर भरभरून बोलत होत्या, तेव्हा मी विचारलं, हिच्या घरची भांडी कोण घासतं? मला फार बरं वाटलं.

गावची माणसं भेटली की विचारतात, परत कधी येणार? शेळगावला मी दर वर्षी जाते, लिंबाखाली बसते, आईशी भांडते. पण परत येणं म्हणजे तुम्हाला जे अभिप्रेत आहे, ते कुमुदनं केलं, मी करणार नाही. माझं मत साफ चुकलंय असं तोंडावर सांगणारं आणि तरी माझी पेटी स्वतः उचलून गाडीत ढकलणारं माणूस जिथं आहे, ते माझं घर.

त्या माणसाला आता चष्मा लागला आहे. मी पाठवलेली कादंबरी पंधरा दिवसांत संपते आणि फोन येतो. गेल्या आठवड्यातही आला. मी विचारलं, "कशी वाटली?"

"ह्यातली आय बी गप्पच हाय. निम्म्यात सोडली. तूच लिव्ह की एखादं."

म्हणून लिहिलं. आई, ह्यात तू बोलतेस. शेवट बदललेला नाही. वाचून बघ.